बटन गुलाब दर वेळी महिन्याभरात का जातो, सविस्तर सांगते

आधी प्रश्न काय आहे ते सांगते. ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय. सातव्या मजल्यावर फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी, सकाळी साधारण चार तास ऊन. गणपतीच्या आदल्या दिवशी नर्सरीतून फुलांनी भरलेला बटन गुलाब आणला, मखराशेजारी ठेवला, गौरी जाईपर्यंत ठीक होता, मग पानं पिवळी पडायला लागली म्हणून बाल्कनीत नेऊन मोठ्या कुंडीत लावला, रोज पाणी घातलं, तरी आता नुसत्या काड्या उरल्यात आणि टोकाला चार पानं. असा हा तिसरा गेला, "गुलाबाला माझा हातच लागत नाही का?"

ताई, हाताचं काही नसतं हो. मी पुण्यात गच्चीवर बावीस वर्षं मिनिएचर गुलाब, म्हणजे हेच बटन गुलाब, लावतेय, आत्ता चाळीसेक कुंड्या आहेत, आणि पहिल्या दोन वर्षांत माझीही पाच-सहा रोपं अगदी अशीच गेली, त्यामुळे तुमच्या घरी काय झालं असेल ते मला जवळजवळ दिसतंय. लहान दिसतो म्हणून आपण बटन गुलाबाला शोभेचं घरातलं झाड समजतो, सगळी गडबड इथून सुरू होते. तो पूर्ण गुलाब आहे, फक्त मापाने छोटा. ऊन त्याला मोठ्या गुलाबाइतकंच लागतं, खायला भरपूर लागतं, वारा लागतो. मुळं मात्र लहान असतात, म्हणून पाण्याची चूक मोठा गुलाब आठवडाभर सोसतो ती हा दोन दिवसात दाखवतो.

कुंडीत राहणं मात्र त्याच्या रक्तातच आहे, हे सांगायला मला फार आवडतं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी स्वित्झर्लंडमध्ये रूले नावाच्या एका लष्करी डॉक्टरला एका खेड्यात खिडक्यांच्या कट्ट्यावर छोट्या कुंड्यांमध्ये वीतभर उंचीचे गुलाब दिसले, गावातल्या लोकांनी ते वर्षानुवर्षं तसेच सांभाळलेले. त्याने ते जिनिव्हाच्या कोरव्हाँ नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाला दाखवले आणि त्याने त्या गुलाबाला डॉक्टरचंच नाव दिलं, रोझा रूलेटी. मग हॉलंडमध्ये बॉस्कोपला यान द व्हिंकने त्याचा संकर केला आणि त्यातला 'टॉम थम' १९३६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. पुढे कॅलिफोर्नियात व्हायसेलिया नावाच्या गावी राल्फ मूर यांनी सगळं आयुष्य याच कामात घातलं, १९०७ चा जन्म आणि २००९ ला गेले, 'मॅजिक कॅरोसेल', 'राइज अँड शाइन' असे कितीतरी मिनिएचर त्यांचे. आता व्हायसेलियाचा उन्हाळा आपल्या विदर्भाच्या जवळ जाणारा, कोरडा आणि कडक, आणि या सगळ्या मिनिएचरचं मूळ म्हणजे चिनी गुलाब, जो गरम हवेतला आणि बारमाही फुलणारा. म्हणून आपल्याकडे हा होत नाही असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आता तुमच्या रोपाचं काय झालं ते बघू. सणाला जे डवरलेले बटन गुलाब मिळतात ते पॉलिहाऊसमध्ये वाढवलेले असतात, तिथे ऊन मोजून, पाण्यातून खत रोज, दमटपणा ठरवलेला. तिथून ते टेम्पोतून नर्सरीत, नर्सरीतून तुमच्या हॉलमध्ये. हॉलमध्ये आपल्याला उजेड भरपूर वाटतो पण गुलाबाच्या हिशोबाने तो अंधारच. त्यात मखराशेजारी म्हणजे समोर पाच फळं, केळीचा घड आणि धूप-उदबत्ती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, थोडाफार धुरातही असतो, आणि कुंडीतले छोटे गुलाब या वायूला फार लवकर बळी पडतात, कळ्या न उमलता गळतात, पानं पिवळी होऊन झडतात. तुमची पानं पिवळी पडायला तिथेच सुरुवात झाली असणार.

मग तुम्ही ते मोठ्या कुंडीत लावलं. काढलं तेव्हा हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, नीट बघितली होती का? बहुतेक वेळा त्या छोट्या कुंडीत एक रोप नसतंच, तीन-चार काड्या जवळजवळ खोचून लावलेल्या असतात, म्हणजे कुंडी लवकर भरलेली दिसते. सगळ्यांची मुळं एकमेकात गुंतलेली आणि खाली नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा. ही कोकोपीटची हुंडी आपण तशीच मातीत ठेवतो, वरून माती चिकट असली की पाणी मातीत धरून राहतं, कोकोपीट कधी कोरडंठाक तर कधी नुसता चिखल, वरून आपल्याला काहीच कळत नाही. शिवाय चार इंची हुंडीला एकदम बारा इंची कुंडी दिली की उरलेली माती ओलीच राहते, मुळं तिथपर्यंत पोचलेलीच नसतात, आणि पाऊस अजून चालू असताना रोज पाणी म्हणजे मुळं कुजणारच. माया कमी पडून नाही गेलं रोप, उलट जास्त झाली.

तर आत्ता ज्या काड्या आहेत त्या टाकू नका. नखाने साल अगदी हलकी खरवडा, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी झालेला भाग हिरवं लागेपर्यंत धारदार कात्रीने कापा, कात्री आधी स्पिरिटने पुसून घ्या. कुंडी उपडी करून हुंडी बाहेर काढा, काळी बुळबुळीत वास येणारी मुळं कापून टाका, पांढरी किंवा फिकट तपकिरी ठेवा. आणि रोप मोठ्यातून परत लहान कुंडीत न्या, सहा इंची पुरे. लोक हे करायला कचरतात, कुंडी लहान करायची म्हणजे मागे जाणं वाटतं त्यांना, पण मी अशीच दोन रोपं वाचवलीत, आणि त्यातलं एक, पिवळं, गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. खत मात्र अजिबात घालू नका, नवीन लालसर फुटवे दिसेपर्यंत फक्त पाणी, तेही माती वाळल्यावर, आणि जागा सकाळच्या कोवळ्या उन्हाची.

पुढच्या वेळी नवीन रोप आणाल तेव्हा फुलांची संख्या बघून घेऊ नका. बुडाशी किती नवीन फुटवे आहेत, खालची पानं जागेवर आहेत का, पान उलटं करून मागे बारीक धुळीसारखं काही आहे का, हे बघा. फुलं कमी असलेलं रोप घेतलं तरी चालेल. पिशवीतलं रोप असेल तर पिशवी दाबून बघा, दगडासारखी लागली तर आत चिकट लाल माती ठासून भरलेली आहे, ती घरी आणून बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवून हळूहळू अर्धी तरी सोडवावी लागते. एकदा एका नर्सरीने मला मिनिएचर म्हणून साध्या गुलाबाची उशिरा डोळा भरलेली, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा बसवून केलेली, कलमं दिली होती, लहान वयाची म्हणून लहान दिसत होती, सहा महिन्यांत तीन फूट झाली. म्हणून पान बघायचं, खऱ्या मिनिएचरचं सगळंच लहान असतं, पान, काटा, दोन पानांमधलं अंतर, फूल दीड इंचाच्या आतबाहेर. डोळा भरलेलं रोप असेल तर सांध्याच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा असतो, तो मुळापासून ओढून काढायचा. काडीपासून केलेलं असेल तर तो प्रश्नच नाही, म्हणून मला काडीची रोपं जास्त आवडतात. आणि सुगंधाची अपेक्षा ठेवू नका, बहुतेक मिनिएचरला तो नसतोच.

घरी आणल्यावर पंधरा दिवस त्याच कुंडीत राहू द्या, आल्याआल्या बदलू नका. पहिले चार-पाच दिवस बाल्कनीत जिथे दोन तास ऊन येतं तिथे, मग हळूहळू पूर्ण उन्हात. देवासमोर किंवा पाहुणे येणार म्हणून घरात ठेवायचं असेल तर एक दिवस ठेवा, दुसऱ्या दिवशी बाहेर, आणि फळांपासून लांब.

कुंडी आठ ते दहा इंची, रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. मातीची सगळ्यात चांगली, पण सातव्या मजल्यावर वजन आणि वारा दोन्ही बघता प्लास्टिक किंवा ग्रो बॅग घेतलीत तरी हरकत नाही, फक्त काळी नको, काळं प्लास्टिक उन्हात तापतं आणि कडेची मुळं भाजतात. खाली पाच-सहा भोकं हवीत. कुंडी सरळ फरशीवर ठेवू नका, दोन विटांच्या तुकड्यांवर ठेवा म्हणजे भोकं मोकळी राहतात, खाली ताटली ठेवावी लागत असेल खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून, तर ती दर वेळी रिकामी करायची, कुंडी पाण्यात बसलेली नको.

मिश्रण मी असं करते, दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग जुनं भुगा झालेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि जाड वाळू मिळून. तुमच्याकडे पाऊस पुण्याच्या तिप्पट तरी असतो म्हणून तुम्ही माती कमी करा आणि भाताचं तूस घाला, कर्जत-मुरबाडकडे गिरणीवर सहज मिळतं, निचरा फार छान होतो आणि वजनही हलकं. कोकोपीटची वीट आणलीत तर दोन-तीन पाण्यातून पिळून घ्या, स्वस्त विटांमध्ये मीठ असतं आणि पानांच्या कडा जळतात. दहा इंची कुंडीला मूठभर नीमपेंड आणि मूठभर बोनमील. शेणखत ताजं नको म्हणजे नकोच, हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, त्यातूनच येते.

पाण्याचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, दिवसातून किती वेळा, किती ग्लास. याला आकडाच नाही हो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं लागलं की खालून पाणी येईपर्यंत घालायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी नाही. काही दिवसांनी कुंडी नुसती उचलून वजनावरून कळायला लागतं, मी तेच करते. एप्रिल-मे मध्ये सकाळ-संध्याकाळ लागेल, ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस लागणार नाही. पाणी सकाळीच आणि मातीत, पानांवर संध्याकाळी नको. कारण पानावर काळे ठिपके पाडणारी जी बुरशी आहे तिला रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, सकाळचं पाणी दहापर्यंत वाळतं, रात्रीचं तसंच राहतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल आणि नवीन पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर ते जड पाण्यामुळे लोह मिळत नाही म्हणून, चिलेटेड आयर्न अर्धा ग्रॅम लिटरला फवारून बघा, आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

चार तास ऊन म्हणालात. सहा मिळालं तर उत्तम, पण पूर्वेचं चार-साडेचार तासांचं सलग ऊन असेल तर मिनिएचर फुलतो, मोठा गुलाब तेवढ्यावर कुरकुर करतो. फक्त सूर्य दक्षिणेकडे सरकला की बाल्कनीतलं ऊन पण सरकतं, नोव्हेंबरमध्ये एकदा मोबाईलवर वेळ लावून बघा कुठल्या कोपऱ्यात किती वेळ येतं आणि कुंड्या तिकडे हलवा. ग्रिलवर टांगलीत तर बाहेरच्या बाजूला जास्त मिळेल. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर मात्र कधीच नको, ती गरम कोरडी हवा म्हणजे लाल कोळ्याला, पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला, आमंत्रण.

लाल कोळी हा बटन गुलाबाचा खरा शत्रू. मिनिएचरचं झुडूप दाट असतं, पानं जमिनीलगत असतात, आत वारा जात नाही, आणि मार्च ते मे च्या कोरड्या हवेत कोळी आठवड्याभरात एक पिढी पूर्ण करतो. सुरुवातीला पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, मग पान तांबूस, खाली पांढरा कागद धरून फांदी झटकली की बारीक ठिपके चालताना दिसतात. जाळी दिसायला लागली म्हणजे उशीर झालेला असतो. यावर माझा पहिला उपाय नुसतं पाणी. कुंडी बाथरूममध्ये नेऊन आडवी करायची, माती पिशवीने झाकायची आणि पानांच्या खालच्या बाजूने जेट स्प्रेने जोरात धुवायचं, दर तीन दिवसांनी, असं चार वेळा. एकदा धुऊन थांबलं की अंडी फुटून परत तेच, म्हणून चार वेळा. तरी राहिलं तर पाण्यात विरघळणारं गंधक दोन ग्रॅम लिटरला, पण हवा गरम असताना नाही, पस्तीसच्या जवळ तापमान गेलं की गंधकाने पानं भाजतात. नीमतेल फवारलं असेल तर दोन आठवडे गंधक नको, दोन्ही जवळजवळ फवारले तरी पानं जळतात. हेच गंधक थंडीत भुरीवरही, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या पिठासारख्या बुरशीवरही, चालतं.

तुमच्याकडे मात्र जून ते सप्टेंबर काळे ठिपके जास्त सतावणार. ठिपकेवालं पान तोडायचं, कुंडीत पडलेलं उचलायचं, कचऱ्यात टाकायचं, कंपोस्टमध्ये नाही. तेव्हा झुडपाच्या आतल्या बारीक काड्या काढून मोकळं ठेवलं तर निम्मा त्रास कमी होतो. कुंड्या पावसाची झड येणार नाही अशा ओळीत आत घ्या, ऊन थोडं कमी मिळालं तरी चालेल. आणि पहिल्या पावसानंतर एका रात्रीत पानं कुरतडलेली दिसली तर ते हुमणीचे भुंगेरे, रात्री आठनंतर टॉर्च घेऊन वेचायचे, दहा-बारा दिवसांचाच खेळ असतो तो. फांदी वरून काळी पडत खाली येत असेल तर डायबॅक, काळ्या भागाच्या एक इंच खालून, निरोगी भागात कापून कापलेल्या टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा, हातात ग्लोव्हज घालून, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवून.

छाटणी. आपल्याकडे बर्फ नाही म्हणजे झाडाला आपोआप विश्रांती नाही, ती आपण द्यायची. आता नवरात्र सुरू होतंय, पाऊस पूर्ण थांबला की, तुमच्याकडे साधारण ऑक्टोबरच्या मध्याला, कोजागिरीच्या आसपास धरा, मुख्य छाटणी. मोठ्या गुलाबासारखा बाहेरच्या बाजूचा डोळा शोधत बसायची गरज नाही इथे, आधी वाळकं आणि एकमेकांवर घासणारं काढा, मग सगळं झुडूप अर्ध्यावर आणा. घाबरू नका, पाच इंच उरलं तरी चालतं. तेव्हाच वरची दोन इंच माती काढून गांडूळखत आणि नीमपेंड घाला. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पहिला बहर येतो, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, आणि मग मार्चपर्यंत एकामागून एक. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनात मिनिएचरच्या कुंड्या बघाल तर सगळ्या एकाच वेळी भरलेल्या दिसतात, ती छाटणीची तारीख मागे मोजून धरलेली असते, बाकी काही गुपित नाही. हे तुमच्या जिवंत वाचलेल्या काड्यांना यंदा लागू नाही हं, त्यांना फक्त जगू द्या.

फूल सुकलं की लगेच काढायचं, पाच छोट्या पानांचं मिळून जे एक पान असतं, तसं फुलाखालचं पहिलं पान बघून त्याच्या जरा वर कापायचं. ठेवलं तर फळ धरतं आणि झाड पुढच्या कळ्या थांबवतं. उन्हाळ्यात जोरदार छाटणी नाही, फक्त सुकलेली फुलं, आणि दुपारच्या उन्हाला पन्नास टक्के शेडनेट, मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळकी पानं.

खताचं थोडक्यात, वाढ चालू असताना दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, ओल्या मातीत. कोरड्या मातीत घातलं तर मुळं पोळतात. महिन्यातून एकदा शेंगदाणा पेंड तीन दिवस भिजवून दहापट पाणी घालून, वास येतो, बाल्कनीत शेजारी बोलतात, म्हणून रविवारी सकाळी लवकर. चहाचा चोथा, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं या सगळ्याबद्दल विचारतात लोक. चोथा दुधाचा असतो, सरळ कुंडीत घातला की मुंग्या आणि चिलटं, धुऊन कंपोस्टमध्ये घाला. टरफलं कुंडीत वर्षानुवर्षं तशीच राहतात, इतकी हळू विरघळतात की त्यावर विसंबून राहू नका. साल कंपोस्टमध्येच. रोप अशक्त असताना तर यातलं काहीच नको.

आणि एक काम आत्ताच करा. वाचलेल्या काड्यांमधून छाटताना एखादी हिरवी काडी निघालीच, तीन-चार इंचाची, आगपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड, तर खालची पानं काढून वाळू आणि कोकोपीटच्या ग्लासात खोचा, वर बिसलरीची अर्धी कापलेली बाटली पालथी घाला, बूच काढून ठेवा, सावलीत. चार-पाच आठवड्यांत हलकं ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं तर मुळं आलीत. त्याआधी रोज ओढून बघायचं नाही. दिवाळीनंतर मला फोटो पाठवा, काडीचा पण आणि मूळ रोपाच्या बुडाचा पण, फुटवा कुठून आलाय ते बघून पुढचं सांगते.